घराचा आकार कोण ठरवतं: प्लॉट, भिंत की छत?

ओटला (इंदूर)

इंदुरात कुणी प्लॉट घेतला की पहिला प्रश्न येतो, "कितीचा?" उत्तर ठरलेलं: साडेसातशेचा, हजाराचा, पंधराशेचा. म्हणजे १५ बाय ५०, २० बाय ५०, ३० बाय ५०. शहराच्या किती कॉलन्या या तीन मापांत बसल्या आहेत ते इथल्यांना सांगायला नको.

माझं म्हणणं असं की चौरस फुटांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. घरात माणसं सुखाने राहतील की नाही हे रस्त्याकडची रुंदी ठरवते, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत छत किती जातं ते ठरवतं. भिंतीची जाडी घ्या. १५ बाय ५० वर जुन्या पद्धतीच्या १८ इंची भिंती दोन्ही बाजूंना उभ्या केल्या तर नुसत्या भिंतींखाली १५० चौरस फूट जमीन जाते, म्हणजे प्लॉटचा पाचवा हिस्सा. आत उरते १२ फूट रुंदी. ९ इंची केल्या तर ७५ फूट जातात आणि आत साडेतेरा मिळतात. प्लॉट तोच, घर वेगळं.

आता नेमका प्रश्न. आईवडील, मुलगा-सून, दोन नातवंडं. दोन मजले, खाली एक गाडी. १५ बाय ५० (७५०) आणि २० बाय ४० (८००) यांपैकी काय घ्यावं? दोन्हींना रस्ता एकाच बाजूला, डावी-उजवीकडे आणि मागे शेजारी. एमओएस (हद्दीलगत सोडायची मोकळी जागा) किती सोडायचं ते नक्शा पास करताना कळेलच, ते तूर्त बाजूला ठेवा. जुन्या बांधकामांबद्दलही लिहा, वडोदरा-ग्वाल्हेरच्या मंडळींनी खास.

खणाचा हिशोब (वडोदरा)

चांगला धागा. वाड्यापासून सुरुवात करतो.

वाड्यात खोली फुटांत नाही, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, साधारण पाच ते सहा फूट. दोनखणी खोली, पाचखणी सोपा (ओसरी). हे माप ठरलं लाकडामुळे. कडी (छताचं आडवं लाकूड) जितकी लांब तितकी ती मधोमध झुकते, आणि झुकाव लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्याच जाडीची कडी दुप्पट लांब केली, फुटामागे तेवढंच ओझं ठेवलं, तर झुकाव सोळापट होतो. म्हणून सुतार कडी लांब करत नसत, मध्ये खांब उभा करून एक खण वाढवत. जमीन भरपूर होती, वाडा पसरत गेला, पण प्रत्येक खोली अरुंदच राहिली.

वडोद्याच्या पोळांतल्या (जुन्या दाट गल्ल्यांतल्या) घरात उलट झालं. तिथे जागाच नाही. दर्शनी रुंदी १० ते १५ फूट आणि घर आत खोल खोल जातं. मधे चौक सोडला नाही तर मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. विटांच्या भिंतीत लाकडाची चौकट घालतात ती नुसती शोभेची नाही, अरुंद उंच घराला तिचा आधार असतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

आमच्याकडे लाकडापेक्षा वालुकाश्म सोपा. त्याच्या लांब पट्ट्या, आम्ही पटिया म्हणतो, भिंतीवर आडव्या टाकल्या की छत तयार. अशा घराला इथे पाटोर म्हणतात.

खोलीची रुंदी पटियाच्या लांबीने ठरते. पटिया ९ फुटी असेल तर दोन्ही टोकांना सहा-सहा इंच भिंतीवर टेकायला हवेत. आत उरते ८ फूट. म्हणून ग्वाल्हेरच्या जुन्या लष्कर भागात ८ बाय १५, ८ बाय १८ अशा बोगद्यासारख्या खोल्या दिसतात. लांबी हवी तेवढी वाढवा, पटिया शेजारी पटिया टाकत जा. रुंदी मात्र वाढत नाही.

९ फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच इंच जाड पटिया पावणेदोनशे-दोनशे किलोची होते. चढवायला पाच-सहा माणसं लागतात. चढवण्याआधी हातोडीने वाजवून बघतात. टणक नाद आला तर आत जोड नाही. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला आहे, ती वापरायची नाही. दगड लोखंडासारखा वाकून इशारा देत नाही, तुटतो तो एकदम.

पुढे गर्डर आला आणि चित्र पालटलं. आता गर्डर १२-१४ फुटांचा गाळा ओलांडतो आणि पटिया फक्त तीन-चार फुटांची लागते. खोली रुंद झाली, तीही त्याच दगडात. बिघडतं कुठे, तर गर्डरचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथे. भिंतीत ओल असली की टोक गंजून फुगतं. गर्डरखालच्या प्लास्टरला आडवी तडा गेली, पापुद्रे पडायला लागले, की समजावं टोक खाल्लं जातंय. बसवायच्या आधी टोकांना रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत आणि वरून पाणी मुरू देऊ नये.

माळव्याची माती (इंदूर)

कवेलूंचं कुणी लिहिलं नाही. देशी कौलांना दोन फुटाला एक फूट तरी उतार हवा, नाहीतर पाणी मागे चढतं. २० फूट खोल घराला मधला आढा भिंतीपेक्षा ५ फूट वर जातो, ३० फूट खोल केलं तर साडेसात फूट. तेवढं उंच लाकूड आणि वारा कोण सांभाळणार? म्हणून एका छपराखाली खोल घर होत नाही, दोन छपरं करून मध्ये पन्हळ घालावी लागते. आणि गळायला लागतं ते तिथेच.

नकाशा पास (इंदूर)

ओटला, तुमच्या मुद्द्याशी अर्धाच सहमत. भिंत आणि छत नंतर येतात. आधी जमीन कुणी, कोणत्या मापात कापली ते बघा. १५ फुटांची रुंदी लोकांनी मागितलेली नाही. रस्ता, नाली, पाण्याची लाइन या सगळ्याचा खर्च रस्त्याच्या लांबीवर बसतो. रुंदी कमी आणि खोली जास्त ठेवली की त्याच रस्त्यावर जास्त प्लॉट निघतात. ५० फूट खोलीचं मूळ तिथे आहे.

शेतजमीन शहरात येते कशी त्यावरही बरंच अवलंबून. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा आहे, आणि आता इंदूर विकास प्राधिकरणाच्या टीपीएस (टाउन प्लॅनिंग, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्याने आखायच्या) योजनांत मालकाला त्याच्या जमिनीचा निम्मा भाग विकसित होऊन परत मिळतो. गुजरातेत १९७६ च्या कायद्याखाली टीपी स्कीम पूर्वीपासून चालते. मालकाला परत मिळालेला तुकडा जेवढा सरळ, तेवढी त्यावरची घरं नेटकी. वाकडा मिळाला तर कोपरे वाया जातात.

आणि याच शहरात वेगळं उदाहरण आहे, अरण्य नगर. बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ते १९८० च्या दशकात आखलं. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटर, म्हणजे ३७७ फूट, आणि मोठे ४७५ चौरस मीटरपर्यंत. गरिबाला पूर्ण घर न देता जोतं आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला, पुढच्या खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायच्या. कसं वाढवता येईल ते दाखवायला ८० नमुना घरं बांधली. त्याला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की पाणी आणि मैला वाहून नेणाऱ्या गोष्टी आधी पक्क्या केल्या. भिंत पुढे-मागे सरकवता येते. एकदा जमिनीत गेलेला सांडपाण्याचा पाइप सरकवता येत नाही.

ओटला (इंदूर)

@नकाशा पास, पटलं. रुंदी कुठून आली हे माझ्या लिहिण्यात नव्हतंच. पण १५ फूट रुंदीचा प्लॉट समोर आल्यावर बांधणाऱ्याच्या हातात उरतं ते भिंत आणि छतच ना?

जिना-जोतं (इंदूर)

दोघेही जिना विसरलात. लहान प्लॉटवर सर्वांत जास्त जागा तोच खातो.

मजल्याची उंची १० फूट धरा. १८ चढ केले तर प्रत्येक चढ पावणेसात इंचाच्या आत येतो, आईवडिलांच्या गुडघ्यांना झेपेल असा. वळणाचा जिना केला तर नऊ-नऊ चढांच्या दोन रांगा, मधली चौकी, वरची चौकी मिळून सुमारे सव्वासहा बाय पावणेतेरा फूट, म्हणजे ८० फुटांच्या आसपास. दोन मजल्यांच्या घराला गच्चीपर्यंत नेलात तर हे दोनदा. सरळ जिना बाजूच्या भिंतीला लावला तर १७ पायऱ्या १० इंची, लांबी १४ फूट २ इंच, रुंदी ३ फूट, जागा साडेबेचाळीस फूट. अर्ध्यात काम होतं. १५ फुटी प्लॉटवर हाच करावा.

मात्र सरळ जिन्यात एक चूक हमखास होते. छताला जिन्यासाठी जे भोक ठेवतात ते आखूड पडतं. डोक्यावर ७ फूट मोकळे हवेत, वर ५ इंचांचा स्लॅब. हिशोब केला तर भोक किमान ११ फूट लांब लागतं. ठेकेदार ८-९ फुटांवर थांबतो, कारण पुढे खोलीची जागा कमी होते. मग वर जाताना कपाळ आपटतं. त्याच ठिकाणी आडवी बीम आली तर आणखी वाईट. सेंटरिंग लागायच्या आधी स्वतः टेप लावून बघा, नंतर काही करता येत नाही.

माळव्याची माती (इंदूर)

वरचं सगळं उभं राहणार काळ्या मातीवर, ते विसरू नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी तडा निघाली की बहुतेक वेळा दोष पायाचा असतो.

मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर खणून त्यावरच बसा. माती खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला, तळाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेली पद्धत आहे. पाइल किमान साडेतीन मीटर खोल, खालचा फुगवटा दांड्याच्या अडीचपट व्यासाचा. वरची बीम मातीला चिकटू देऊ नका, खाली ८० मिलिमीटरच्या आसपास पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. घराभोवती मीटरभर रुंद पक्की फरशी करून पाणी पायापासून दूर न्या.

अरुंद प्लॉटवर यात एक गाठ आहे. हद्दीवरच्या कॉलमचा फुटिंग (खालचा पसरट पाया) शेजाऱ्याच्या जमिनीत नेता येत नाही. तो एका बाजूलाच पसरतो, वजन मधोमध बसत नाही, फुटिंग कलायला बघतो. म्हणून समोरच्या कॉलमच्या फुटिंगशी त्याला जाड बीमने जखडतात. हा खर्च १५ फुटी आणि ३० फुटी प्लॉटला जवळपास सारखाच येतो, म्हणजे लहान घराला दर फुटामागे दुप्पट पडतो.

खणाचा हिशोब (वडोदरा)

विश्वामित्री नदीचं पाणी बघून आमच्याकडे जोतं उंच घेतात. ते बरोबरच. पण ३ फूट जोतं घेतलं आणि गाडी आत हवी असेल तर सहाला एक चढ धरूनही रॅम्प १८ फूट लांब होतो. पुढची सगळी जागा रॅम्पमध्ये. टेनामेंटमध्ये (आमच्याकडची लहान स्वतंत्र वा जोडघरं) गाडीचा भाग रस्त्याच्या पातळीला ठेवून खोल्यांचंच जोतं उंच घेणं शहाणपणाचं.

नर्मदेचं पाणी (इंदूर)

गाडीला अडीच बाय पाच मीटर धरा. १५ फुटी प्लॉटवर ती उभी राहिली की पुढची खोली संपली, दार उघडायला बाजूला जेमतेम जागा. खालचा मजला मग मागच्या ३३ फुटांचाच उरतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही :)

एक राहिलं. जागा कमी म्हणून वरचा मजला रस्त्यावर तीन फूट पुढे काढतात. परवानगीचा भाग वेगळा. अशा लटकत्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, कारण ताण वर येतो. ओतकाम करताना मजूर तिच्यावर चालतात, सळई दबून तळाशी जाते. वरून काहीच दिसत नाही. सेंटरिंग काढल्यावर मुळाशी तडा जाते किंवा सगळा छज्जा खाली येतो. सळईखाली खुर्च्या (तिला वर धरणारे टेकू) घट्ट बांधा, चालायला फळ्या टाका, आणि सळई आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी खोल गेली आहे ना बघा. तिला मागून धरून ठेवणारं वजन आतच असतं.

मल्टी (इंदूर)

प्लॉट सोडून मल्टीकडे (बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटकडे) वळूया, शेवटी जमीन महागली की तिकडेच जावं लागतं. आता ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि छत एकदम ओततात. वीट नाही, भिंती ४ ते ६ इंचांच्या. भिंतीत जाणारी जागा कार्पेटमध्ये (आत वापरता येणाऱ्या क्षेत्रात) येते, हा खरा फायदा. पण साचा महाग, तो वसूल व्हायला तीच खोली शेकडो वेळा ओतावी लागते. म्हणून सगळे फ्लॅट एकाच मापाचे. आणि भिंत भार पेलते, त्यामुळे पुढे दोन खोल्यांची एक करता येत नाही. विजेचा पॉइंट हलवायचा तरी काँक्रीट फोडावं लागतं, तेही फोडू नये.

इंदुरात कनाडियाकडे केंद्राचा लाइट हाउस प्रकल्प झाला, त्याची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ची. स्टिल्टवर (खांबांवरच्या मोकळ्या तळावर) ८ मजले, १०२४ घरं. तिथे पद्धत निराळी: कारखान्यात तयार केलेला लोखंडी सांगाडा आणि सँडविच पॅनेलच्या भिंती. हलक्या भिंतींनी पायावरचं वजन घटतं. पण घर किती मोठं हे तंत्राने ठरत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात सर्वांत खालच्या गटाला ३० चौरस मीटर कार्पेटची मर्यादा होती, ३२३ चौरस फूट. तंत्र कितीही नवं असो, आकडा तिथेच थांबला.

नकाशा पास (इंदूर)

म्हणजे मी म्हणत होतो तेच. कार्पेटचा अर्थही नीट बघा. रेरा कायद्याच्या २०१६ च्या व्याख्येत आतल्या आडभिंती धरल्या आहेत, बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप, हवा-उजेडासाठी सोडलेली उभी पोकळी) आणि बाल्कनी नाहीत.

माळव्याची माती (इंदूर)

पातळ काँक्रीटच्या भिंतीचं कौतुक मला पटत नाही. मे महिन्यात पश्चिमेची ५ इंची काँक्रीट भिंत रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असते. १८ इंची माती-विटांची भिंत जागा खायची हे खरं, पण दुपारचा ताप आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. जागा वाचवायचीच असेल तर एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट ब्लॉक) घ्या. घनमीटरला साधारण ६०० किलो, वीट त्याच्या तिप्पट. ६ इंची ब्लॉकने १५ फुटात १४ फूट रुंदी मिळते, ९ इंचीपेक्षा २५ चौरस फूट जास्त, आणि घर थंड.

सळई ४० फुटी (वडोदरा)

पण ६ इंची भिंतीत कॉलम मावत नाही, ते खोलीत डोकावतात. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपासाठी कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर आहे, १२ इंच. ९ इंची कॉलम काढा म्हणणारा ठेकेदार तुमच्या जिवाशी खेळतोय. कॉलमची लांब बाजू भिंतीच्या दिशेने ठेवा, मधल्या खाचेत कपाट बसवा, जागा वाया जात नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण उत्तर अजून कुणी दिलं नाही.

उजेड बघा. खिडकीचा वरचा काठ ७ फुटांवर असतो, आणि दिवसाचा उजेड खोलीत त्याच्या दोन-सव्वादोन पट, म्हणजे १६ फुटांच्या आसपास कामाचा पोचतो. ५० फूट खोल घरात पुढून १६, मागून १६ (मागे थोडी जागा उघडी सोडली तर). मधे १८ फूट अंधार. तेवढ्यात पूर्ण खोली येते, म्हणजे डक्ट काढावाच लागतो, पाच बाय आठचा म्हणा, आणि तो दोन्ही मजल्यांवर चाळीस-चाळीस फूट घेतो. ४० फूट खोल घरात मधे उरतात ८ फूट. त्यात जिना, संडास-न्हाणी, देवघर, धान्याची कोठी बसते. ज्या जागांना उजेड कमी चालतो त्याच तिथे.

बांधकाम उलटं सांगतं. बीमला ढोबळ नियम एका फुटाला एक इंच. १५ फुटी प्लॉटवर कॉलम ते कॉलम १४ फूट, बीम १४-१५ इंच. २० फुटी प्लॉटवर १९ फूट, बीम १९-२० इंच, छताखाली लोंबते, सळईही जास्त. म्हणून मधे तिसरी कॉलमची रांग द्या, जिन्याच्या भिंतीत. एका बाजूला ११ फुटांची खोली, दुसऱ्या बाजूला ७ फुटांत जिना आणि बाथरूम. गाळे लहान झाले की ५ इंची स्लॅब पुरतो. बाजारात सळई १२ मीटरची, ४० फुटी मिळते, ४० फूट खोल घरात ती एका तुकड्यात जाते. ५० फुटांना जोड आला, आणि जोड म्हणजे व्यासाच्या ५० पट तरी सळई दुहेरी. शिवाय गाडी उभी राहिली तरी बाजूने माणूस आत जातो.

माझं मत २० बाय ४०.

जिना-जोतं (इंदूर)

हेच. आणि आईवडिलांची खोली खाली, मागच्या १६ फुटांत, संडास तिला लागून. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आहे, तुमची ११ फूट म्हणजे आरामात बसते.

ओटला (इंदूर)

उजेडाचा हिशोब मी केलाच नव्हता. ५० चौरस फूट जास्त म्हणून मी २० बाय ४० कडे झुकत होतो, खरं कारण मधले ८ फूट निघाले. आता एकच विचारतो: दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं आधीच उभी आहेत. आपल्या भिंतीला बाहेरून प्लास्टर कसं करायचं?

माळव्याची माती (इंदूर)

करता येत नाही, म्हणून आधीच तयारी हवी. प्रत्येक थराच्या सांध्यात मसाला पूर्ण भरून घ्या, मिस्त्री आतूनच काम करत असल्याने बाहेरचे सांधे पोकळ ठेवतो आणि पुढे तिथूनच ओल येते. दोन्ही घरांच्या भिंतींमधल्या फटीत पावसाचं पाणी वरून शिरतं. गच्चीवर ती फट पत्र्याने झाका, पत्रा आपल्या पॅरापेटमध्ये दोन इंच आत दाबा, शेजाऱ्याच्या बाजूला नुसता टेकवा, जखडू नका. दोन घरं वेगवेगळी हलतात. शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या, आणि त्यांच्या डक्टच्या शेजारीच तुमच्या बाथरूमचा डक्ट येईल असा नक्शा करा. दोन डक्ट पाठीला पाठ लागले की दोघांनाही जास्त हवा मिळते.